पुंडलिककाकांची आग्नेय दिशा

आमच्या उमरखेडात नवा माणूस आला की लोक नाव विचारतात. पुंडलिककाका दिशा विचारतात. उत्तर, पश्चिम काहीही सांगा, चालतं. मात्र बोअरवेलच्या गाडीवरच्या तमिळ ड्रायव्हरनं आग्नेयेकडे हात केला, तेव्हा काका गाडीभोवती चक्कर मारून माझ्या कानाशी आले. "नजर ठेवजो. हा बी तिकडचाच हाय."

काका आमच्या शेजारी एकटे राहतात. काकू जाऊन बराच काळ झाला. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाल्यामुळे समोरचा माणूस बिनतिकिटाचा असणार, असं धरूनच ते बोलायला सुरुवात करतात. आग्नेयेवरचा संशय मात्र सविताच्या लग्नापासूनचा. सविता त्यांची एकुलती एक मुलगी. हैदराबादला नोकरीला गेली आणि तिथं भेटलेल्या वेंकटेशशी तिनं लग्न केलं. दोघं आता त्याच्या गावी, आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याला असतात. लग्नाला काका गेले, अक्षता टाकल्या आणि परतताना शाळेचा मोठा नकाशा घेऊन आले. तो भिंतीवर ठोकला आणि तपास सुरू झाला.

"हे पाय," एकदा मला बोलावून ते नकाशावर बोट फिरवू लागले. "आपली पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत. अन् गोदावरी कुठं? त्याच्या घरापाशी, समुद्रात! आपलं सारं पाणी ते लोक पहिल्यापासून नेऊन राह्यले. आता पोट्टी बी नेली."

"काका, पठारच पूर्वेकडे कललंय."

"कललं, का कोणी कलवलं?"

इतिहासानं तर आगीत तेल ओतलं. सातवाहनांची राजधानी पैठण, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या राजांचं राज्य पार आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत होतं, अमरावतीचा मोठा स्तूपही त्यांच्या काळात वाढला, असं मी बोलून गेलो.

"आपली अमरावती?"

"नाही, तिकडं कृष्णेच्या काठावर दुसरी आहे."

काकांनी चष्मा पुसून नकाशात ती शोधून काढली. "नाव बी नेलं?"

पहिल्या दिवाळीला वेंकटेश आला, तेव्हा करंजीची बशी हातात असतानाच त्याची तोंडी परीक्षा झाली. तुमचा किनारा एवढा सपाट कायले, हा प्रश्न. तो बिचारा सविताकडून शिकलेल्या मराठीत म्हणाला, "नदी माती आणते, बाबा. तुमच्याकडची काळी माती."

"पाय! कबूल केलं!" काका माझ्याकडे वळले. "माती बी!"

वेंकटेशला वाटलं, उत्तर बरोबर आलं. तो मनापासून हसला. काका हसले नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळ उठलं आणि काकीनाड्याकडे निघालं. काका दुपारीच आमच्याकडे येऊन टीव्हीसमोर बसले. त्यांचा टीव्ही म्हणे खरं सांगत नव्हता. सविताचा फोन लागेना. बायकोनं दोनदा ताट केलं, दोनदा त्यांनी सरकवलं. मी काही बोलायला गेलो की म्हणायचे, "चूप. वारा कोणत्या अंगानं येऊन राह्यला, ते पाहू दे."

दिवेलागणीला काकांचा फोन वाजला. घाईत त्यांना बटण सापडेना, म्हणून मीच फोन घेऊन स्पीकर लावला. पलीकडे वेंकटेश होता. "बाबा, आम्ही ठीक. झाड पडलं, घर ठीक. सविता बाजूला आहे."

काकांनी उठून टीव्हीचा आवाज बंद केला.

"बाबा? तुम्ही एकटे आहात. टीव्ही बघून घाबरले असणार. जेवले का तुम्ही?"

आयुष्यभर काकांनीच साऱ्यांना प्रश्न विचारले. हा प्रश्न काकू गेल्यापासून त्यांना कोणी केला असेल, असं वाटत नाही.

"जेवलो ना, बापू," ते म्हणाले. "पोटभर जेवलो."

सविताशी बोलणं झालं. फोन बंद झाला. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"सूनबाई, खोटं बोललो म्या त्याच्यासंगं. भाकर असन तं वाढ."