खुर्चीपायी पेटलेल्या रणाची हकीकत

साहेबी पृच्छा केली की, दोन भाडेकरूंमध्ये रण का माजले ते यथास्थित कळवावे. त्यावरून कानी आले तितके लिहितो, आणि आले बहुतच, कारण भिंती पातळ.

खालच्या जागेत सेवाधुरंधर नर्सबाई राहात. रात्रपाळी करून सकाळी येत आणि दिवसा निद्रा करीत. ती निद्रा हीच त्यांची दौलत, कारण पेंगुळल्या हाताने औषध चुकले तर रोग्याच्या प्राणाशी गाठ. वरच्या जागेत कवायतबहाद्दर निवृत्त मास्तर राहात. त्यांस संधिवात, म्हणोन ऊन सरके तिकडे लोखंडी खुर्ची फरफटवीत. सूर्यास रजा नाही, सबब खुर्चीसही नाही. खाली बाईंचा डोळा लागे, आणि मग वरून खर्रर्र!

ऐशियास बाईंनी झाडूच्या दांड्याने छतावर मारगिरी आरंभिली. मास्तर समजले, खाली कोणी खिळे ठोकितो. मग उभयतांनी घरमालकांकडे फिर्याद गुदरली आणि हुजुरांनी उभयतांस एकच फर्मान पाठविले की, सांभाळून घ्यावे, आम्हास तसदी देऊ नये. भाडे घेतेसमयी मात्र हुजुरांची स्वारी जातीने येते!

तेव्हा बाई कमर कसोन जिना चढल्या. मास्तरांनी अदबीने खुर्ची पुढे ओढिली. खर्रर्र!

“बसा. खाली दिवसभर कोण हो ठोकतं?”

“मीच! तुमच्या या खुर्चीपायी झोप नाही मला!”

“अहो, मला वाटलं तुम्ही दिवसा कामावर असता. आधी नाही का सांगायचं?”

एक जिना चढावयाचा, तो सोडोन दोघे शहाणे मालकाच्या दारी गेले; काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

मग बाईंनी इस्पितळातून मोडीत निघालेल्या कुबड्यांच्या रबरी टोप्या आणिल्या आणि खुर्चीचे चारही पाय जेरबंद केले. खुर्ची मुकी जाहली. आणि त्या शांततेत मास्तरांस खालून अभूतपूर्व गर्जना ऐकू आली. बाई घोरत होत्या.

मास्तर शहाणे जाहले होते. मालकाकडे न जाता स्वतः जिना उतरले, घंटी वाजविली, दार बडविले, कवायतीच्या आवाजात हाकाही घातल्या. सारा जिना गोळा जाहला, मालकही धावोन आले आणि तंटा आपणच मिटविल्याचे सर्वांस सांगो लागले.

बाई उठल्या नाहीत. येणेप्रमाणे नर्सबाईंची फत्ते जाहली.