व्याह्यांचे पोपटी बूट

बेळगुंदीच्या यात्रेत पन्नाशी ओलांडलेल्यांची शर्यत असते आणि ती गेली आठ वर्षं मारुतीराव अनवाणी जिंकत आले होते. बक्षीस म्हणाल तर एक फेटा. पण फेट्याबरोबर रवळनाथासमोर यात्रेचा पहिला नारळ फोडायचा मान मिळायचा आणि त्या मानासाठी हा एकसष्ट वर्षांचा माणूस वर्षभर रोज पहाटे माळावरून धावायचा. त्यांच्या तळपायाखाली काटा मोडायचा, पण रुतायचा नाही.

यंदा मात्र हिंडलग्याहून त्यांचे व्याही परशराम शर्यतीला आले आणि त्यांनी पिशवीतून बूट काढले. पोपटी रंगाचे, आणि तळ असा जाड की फुगलेल्या भाकरीवर भाकरी ठेवावी. त्यांच्या मुलाने, म्हणजे मारुतीरावांच्या जावयाने, बेंगळूरहून पाठवलेले. आत कसली तरी कार्बनची पट्टी आहे, पाय टेकला की ती माणसाला पुढे ढकलते, असं परशराम सगळ्यांना सांगत सुटले.

"म्हंजे पळणार कोण? तुमी का पट्टी?" मारुतीरावांनी विचारलं.

लेकीचा सासरा. आवाज चढवायची सोय नव्हती, म्हणून ते हसत विचारत होते आणि मिशी तेवढी थरथरत होती.

"पळणार मीच की. खरं जरा लवकर पोचणार," परशराम म्हणाले.

मारुतीरावांनी पंचांकडे धाव घेतली. पंच म्हणजे अप्पासाहेब, हायस्कुलातले निवृत्त पीटी मास्तर. जगातल्या मोठ्या शर्यतींतही हा वाद पेटलेला आहे आणि रस्त्यावरच्या शर्यतीत बुटाचा तळ चाळीस मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नातीच्या कंपासपेटीतली पट्टी मागवली, जमिनीवर उकिडवे बसले आणि दोनदा मोजून सांगितलं की एकोणचाळीस भरतात.

"एका मिलिमीटरनं धर्म वाचला म्हणायचा," मारुतीराव म्हणाले आणि देवळाच्या पायरीवर ठाण मांडून बसले. जन्मताना देवाने दिलं तेवढंच घेऊन पळायचं, नाहीतर शर्यत बंद, अशी त्यांची अट.

हे बोलायला नको होतं. परशरामांनी शांतपणे त्यांच्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मारुतीरावांनी पट्टा काढून फेकला. मग परशरामांनी चष्म्याकडे बोट दाखवलं. मारुतीरावांनी चष्माही काढून बायकोच्या, अंबुबाईंच्या हातात दिला. बाकीचे चार स्पर्धक हे बघत होते. एकाच्या मांडीत सळई, दुसऱ्याच्या तोंडात कवळी, तिसऱ्याच्या डोळ्यात भिंग, आणि चौथ्याने तर सकाळीच गुडघ्यात सुई घेतलेली. चौघेही एकमेकांकडे बघून मुकाट्याने जेवणाच्या मांडवाकडे निघून गेले.

शेवटी आपल्याकडे करतात तेच केलं. देवाला कौल लावला. गुरव रवळूने मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर बुटांना परवानगी, डावी पडली तर बंदी. मारुतीराव डावीकडे असे रोखून बघत राहिले की ती नुसत्या धाकाने पडावी. चष्मा नसल्यामुळे उजवी पडलेली त्यांना दिसलीच नाही, रवळूला सांगावं लागलं.

"आता देवाचं तरी ऐका," अंबुबाई म्हणाल्या.

"ऐकलं की. देवानं परवानगी दिलीया, सक्ती न्हाय केल्याली." मारुतीराव धोतर खोचून अनवाणी रेषेवर उभे राहिले. अंबुबाईंनी गुडघ्याचा पट्टा आणि चष्मा पुढे केला, तेही त्यांनी घेतलं नाही.

शर्यत सुटली. पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत यायचं होतं. परशराम खरंच पुढे निघाले, बूट त्यांना फेकतच होते. मारुतीरावांना बिनचष्म्याचं सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसत होतं. त्यात ठळक दिसत होते ते दोन पोपटी ठिपके. त्या ठिपक्यांचा राग धरून ते मागे लागले. परशरामांना वाट ठाऊक नव्हती, पण बेळगुंदीचा माणूस पाठीशी आहे, चुकलो तर हाक मारेल, अशी त्यांची खात्री होती. टाकीचं वळण केव्हाच मागे पडलं. एकाला दिसलं नाही, दुसऱ्याला माहीत नव्हतं, आणि दोघेही नुकतंच पाणी सोडलेल्या कोबीच्या वावरात शिरले.

चार पावलांत परशरामांचे बूट चिखलाने गिळले. ते पायमोज्यांवर बांधापर्यंत आले, पायमोजे काढले आणि बांधावरच्या खड्यांवर एक पाय टेकताच खाली बसले. मारुतीरावांच्या पायांना तो चिखल घरचाच होता. आता नुसतं चालत गेले असते तरी नववा फेटा त्यांचाच होता.

ते दहा पावलं पुढे गेलेही. मग थांबले. अनवाणी परशरामांना हरवून काय मिळणार होतं? गाव म्हणणार, बूट असते तर म्हातारा हरला असता. हे त्यांना मरेपर्यंत सोसलं नसतं. ते परत फिरले, कोपरापर्यंत हात घालून चिखलातून दोन्ही बूट उपसले, पाटाच्या पाण्यात धुतले आणि व्याह्यांच्या पायाशी बसून नाड्यासुद्धा बांधल्या.

"उठा पावनं. मला बुटासकट हरवायचंय तुमास्नी."

परशराम बांधाला हात टेकून उठले आणि पळाले. बुटांत पाव किलो पाणी होतं, मारुतीरावांचा पट्ट्याविना गुडघा कुरकुरत होता, पण दोघेही जीव तोडून पळाले. टाकीला वळसा घालून देवळाशी आले तेव्हा लोकांची जेवणं आटोपत आली होती. परशराम हातभर पुढे होते. अप्पासाहेबांनी ते स्पष्ट पाहिलं आणि फेटा उचलला.

मारुतीरावांनी गुडघ्यावर हात टेकून दम घेतला. 

"थांबा मास्तर. निकाल मी सांगतो. पयला नंबर बुटांचा. दुसरा माझा. आमचं व्याही तिसरं."

अप्पासाहेब परशरामांकडे बघू लागले. परशराम पायांतल्या बुटांकडे बघत होते. नाड्यांची गाठ मारुतीरावांच्या हातची होती.

"बरोबर हाय की," ते हळूच म्हणाले.

"मग बांधा फेटा बुटांना," मारुतीराव म्हणाले, "आनि न्या त्यास्नी नारळ फोडाय."

अप्पासाहेबांनी देवळाच्या दाराकडे पाहिलं. पायताण घेऊन गाभाऱ्यात जायची प्रथा बेळगुंदीत काय, कुठेच नव्हती. पहिला नंबर आत जाऊ शकत नव्हता, तेव्हा मान आपसूक दुसऱ्या नंबराकडे गेला. मारुतीरावांनी पाय धुतले, नारळ उचलला आणि एका घावात फोडला.

"फुडच्या साली तुमास्नी बी जोड आनतो," बाहेरून परशराम म्हणाले.

"आना की," आतून उत्तर आलं. "दाराभाईर जागा लई हाय."