माझी एकतीस कामे

घरात जास्त काम कोण करतं, या वादाचा कायमचा निकाल लावायचं मी ठरवलं. (वादात मी नेहमी हरतो, म्हणून.) ऑफिसात सगळ्यांच्या कामांची मुख्य शीट साहेबांसाठी मीच बनवतो, तीच पद्धत घरी आणली. ऑफिसच्या लॅपटॉपवर बायकोची, मुलीची आणि माझी अशा तीन एक्सेल फायली केल्या. जो तो आपली कामं आपल्या फाईलमध्ये लिहिणार आणि बेरजा लिंकने आपोआप एका मुख्य शीटवर येणार. सर्वांत कमी कामं ज्याची, त्याने महिनाअखेरीस माळा साफ करायचा. हा नियम मी माझ्या फाईलच्या डोक्यावर ठळक अक्षरांत टाकला. मला धुळीने शिंका येतात, त्यामुळे मी दिवा मालवला तरी काम म्हणून लिहीत होतो. माझी एकतीस झाली होती!

रविवारी मुख्य शीट उघडली. बायको चौऱ्याऐंशी, मुलगी बावीस, मी शून्य.

"अहो, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, हे तुमचंच वाक्य," बायको झाडू पुढे करत म्हणाली.

मला राग येण्याऐवजी कुतूहल वाटलं. एकतीस कामं जातात कुठे? त्या शून्यावर क्लिक केलं, तर वर फाईलचा लांबलचक पत्ता.

"बाबा, ही तुमच्या ऑफिसची फाईल आहे," मुलगी म्हणाली. "दोन्हींचं नाव 'माझी कामे'च ठेवलंय तुम्ही."

"म्हणजे ऑफिसात महिनाभर शून्य?" आता कुतूहल बायकोला.

"तिथे कामं प्रलंबित असतात," मी म्हणालो आणि घाईघाईने लिंक बदलली. शून्याचे एकतीस झाले. मी झाडू ऐटीत मुलीकडे सरकवला. तिने तो घेतलाही, पण विचारलं, "बाबा, मग साहेबांच्या मुख्य शीटला कोणती फाईल जोडलीत?"

ती शीट मी शनिवारीच पाठवली होती.

सोमवारी साहेबांनी हसतमुखाने बोलावलं. "एकतीस! ऑफिसात पहिले आलात. दाखवा तरी कोणती कामं."

फाईल उघडावीच लागली.

"दिवा मालवला, सतरा वेळा. उशी सरळ केली, नऊ वेळा." साहेबांनी चष्मा वर सरकवला. "आपल्याकडे उशी कुठे आहे हो?"

मी सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांनी माझ्याकडूनच लिंक दुरुस्त करून घेतली. एकतीसचं शून्य झालं. मग त्यांनी फाईलच्या डोक्यावरचा नियम सावकाश, दोनदा वाचला.

"नियम छान आहे," ते म्हणाले. "आपल्या रेकॉर्ड रूमलाही माळा आहे."

संध्याकाळी नखशिखांत धुळीने माखून, शिंकत शिंकत घरी पोचलो. बायकोने दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मुलीला हाक मारली.

"अगं, ये लवकर! बाबांचं ऑफिसात एक काम झालं!"