सव्वा महिन्याचं पाणी

उत्तमरावांनी आम्हाला मासे बघायला बोलावलं आणि पाणी दाखवलं.

अख्खी गल्ली गेली होती. चार फूट लांब काचेची टाकी, वर दिवा, मागं पाणी गाळायचा एक डबा घुरघुरतोय आणि आत नुसतं पाणी. खडा नाही, शेवाळ नाही, मासा तर नाहीच. आम्ही सात-आठ बाया पदर सावरून त्या पाण्याकडे बघत उभ्या. शेवटी मीच तोंड उघडलं.

"उत्तमराव, मासे कुठं हायत?"

"मासे यायला टाइम हाय, अक्का. आधी पाणी तयार व्हायला पायजे."

"पाणी काय लोणचं हाय का मुरायला?"

"तसंच समजा. सव्वा महिना लागंल. पाण्याला घाई चालत न्हाई."

सव्वा महिना आमच्याकडे बाळंतीण बसते. पाणी बसलेलं मी सत्तर वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. चहा पिऊन आम्ही परत आलो. चहाही कोमटच होता.

आमचं घर ताडकळसात आणि उत्तमरावांचं आमच्या घराला लागून. मधे एक भिंत आहे, तीही माझ्या खांद्याइतकी, म्हणजे नसल्यासारखीच. बत्तीस वर्षं ते कालव्यावर नोकरीला होते. येलदरी धरणाचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताला पाळीपाळीनं सोडायचं, हे त्यांचं काम. पाळी कुणाची, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, सगळं वहीत. वेळ संपली की कालव्याचं दार पाडायचं. समोर सोयरा असो नाहीतर सरपंच. "नियम म्हंजी नियम," एवढंच बोलायचे.

एका वर्षी आमचे मालक मयतीला गेले होते, पाळीला तासभर उशीर झाला. उत्तमरावांनी दार पाडलं. गव्हाचं शेवटचं पाणी हुकलं आणि दाणा जिऱ्याएवढा झाला. मालक आता नाहीत, गहू तर केव्हाच संपला, पण मी विसरलेली नाही. हे आधीच सांगून टाकते. माझ्या जिभेला धार का, असं पुढं कुणी विचारायला नको.

नोकरी संपल्यावर माणूस घरी आला आणि दुसऱ्याच वर्षी बायको गेली. एकुलती लेक पुण्याला. ती रविवारी फोन करायची, ते "बरंय, बरंय" म्हणायचे आणि ठेवायचे. भजनाला जाणार नाहीत, पारावर बसणार नाहीत. पारावरच्या निम्म्या लोकांचं पाणी त्यांनी कधी ना कधी तोडलेलं, बसणार कुणाजवळ?

मग त्यांना मोबाइलवर तो मासा दिसला. डिस्कस म्हणतात त्याला. भाकरीसारखा गोल आणि चपटा, अंगावर लाल-निळ्या रेघा. दुकानदारानं फोनवर बजावलं की हा मासा लय नाजूक, नव्या माणसानं याच्या नादी लागू नये. दुसरा कुणी असता तर थांबला असता. हे म्हणाले, "सोपा मासा कुणीबी पाळंल."

गावानं निकाल देऊन टाकला: तिसऱ्या दिवशी पालथे पडतील. ही गोष्ट उत्तमरावांच्या कानावर गेली आणि त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "एक उन्हाळा काढून दाखवतो," ते म्हणाले. "एकबी मरू देणार न्हाई." झालं. त्या दिवसापासून माणसाला दुसरं काही सुचेना.

त्या सव्वा महिन्यातली एक सकाळ सांगते. मी भिंतीवरून पाहते तर उत्तमराव रिकाम्या टाकीत चिमूटभर दाणा टाकायलेत.

"कुणाला घालायलाव?"

"जंतूला."

"कुणाला?"

"पाण्यात जंतू वाढावा लागतो, अक्का. माशाची घाण तो खातो. तो न्हाई वाढला तर मासा आपल्याच घाणीत मरतो."

लोक जंतू मारायला औषध आणतात, हे गृहस्थ त्यांना दोन वेळा जेवू घालत होते. रोज एका बारक्या नळीत पाणी घेऊन वर थेंब टाकायचे आणि रंग बघायचे. पिवळा आला तर ठीक, हिरवा आला तर विष. नळी खिडकीच्या उजेडात धरून असे उभे राहायचे की बघणाऱ्याला वाटावं, घरात कुणाची तरी मोठी तपासणी चालू आहे. मग पट्टीनं रेघा आखलेल्या वहीत लिहायचे.

बोअरचं पाणी माशांना चालत नाही म्हणे, जड असतं. लग्नात आणतात तसले जार यायला लागले. मासे अजून यायचे होते, पण त्यांच्या नावानं थंड जार घरात आणि हे स्वतः बोअरचं पीत बसलेले. मग हीटर आला. परभणीचं ऊन जगाला माहीत, तिथं माशाला हीटर! थंडीचे दिवस होते हे मान्य, पण स्वतः सकाळी गार पाण्यानं "हूं हूं" करत आंघोळ करायचे आणि टाकीला हात लावून म्हणायचे, "आज अर्ध्या डिग्रीनं उतरलंय." इन्व्हर्टर बसवला, तोही फक्त टाकीला. वीज गेली की माणूस अंधारात आणि पाणी उजेडात.

अखेर हैदराबादहून सहा मासे आले. रेल्वेत थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन आणली, वरून स्वतःचा स्वेटर गुंडाळलेला. नवरीलासुद्धा कुणी इतकं जपून आणलं नसेल. त्यांच्या नवरीला तर मी स्वतः पाहिलंय, बैलगाडीत पोत्यांच्या मधे बसून आली होती.

गल्ली परत जमली. आणि मासे? काळे ठिक्कर पडलेले, सहाही मागच्या डब्याआड लपलेले. फोटोतल्या लाल-निळ्या रेघा कुठं गेल्या कुणास ठाऊक.

"फसवलं की ओ तुमाला," मी म्हटलं. "तव्याला मासे म्हणून इकलं."

"भ्यालेत ते. हळू बोला."

दुसऱ्या दिवसापासून हुकूम सुटले. घरात चप्पल घालून यायचं नाही. दार आपटायचं नाही. मला भिंतीवरून सांगतात, "अक्का, कुकरच्या शिट्ट्या दोनच घ्या. तिसरीला ते दचकायलेत."

"माझी तूर दोन शिट्ट्यांत शिजत न्हाई."

"भिजत घाला रातीच."

माशांसाठी माझ्या डाळीला पाळी लावली!

मासे खाईनात. लाल अळ्यांच्या गोठवलेल्या वड्या आणल्या. हा माणूस अंडं शिजतंय त्या घरात पाणी पीत नाही, आणि याच्या फ्रीजमध्ये दह्याच्या शेजारी अळ्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडचं विरजण बंद केलं. हे मात्र अळी चिमटीत धरून पाण्यात हात घालून बसायचे, तासन्‌तास. बोटं सुरकुतून जायची. आठव्या दिवशी सकाळी मला भिंतीपलीकडून हाक आली, तीही कुजबुजत. "अक्का, खाल्लं. एकानं हातातून खाल्लं." गव्हर्नर भेटून गेल्यासारखं तोंड झालेलं. मी म्हटलं, "अभिनंदन," आणि कुकर लावला. दोनच शिट्ट्या घेतल्या, पण ते गॅस संपत आला होता म्हणून.

आता माझं सांगते, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही.

माझा धाकटा बबन चौतिशीला आलाय. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, व्यसन नाही, तरी पोरगी मिळत नाही. गुरुजींनी पत्रिका पाहिली आणि म्हणाले, अकरा शनिवार माशांना कणकेच्या गोळ्या घाला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण लेकरू चौतीस वर्षांचं झालं की विश्वास विचारत बसत नाही माणूस. नदीवर जायचं तर दर शनिवारी बस, माझे गुडघे, ऊन. आणि भिंतीपलीकडे सहा मासे आयते!

शनिवारी उत्तमराव परभणीला गेले, पेन्शनच्या कामाला. किल्ली माझ्याकडे ठेवली. "टाकीत काय टाकू नका," म्हणून तीनदा बजावलं. ते गेले आणि मी कणीक मळली. बारीक बारीक गोळ्या केल्या, बबनचं नाव घेतलं आणि टाकल्या. माशांनी ढुंकून पाहिलं नाही. गोळ्या तळाला गेल्या. नवसाचं परत काढून घ्यायचं नसतं, म्हणून दार ओढून मी घरी आले.

रविवारी सकाळी पाणी भाताच्या पेजेसारखं झालं होतं. मासे वर तोंड करून आ वासत होते, एक आडवा. उत्तमराव बनियनवर, गुडघ्यापर्यंत भिजलेले, बादली आत, बादली बाहेर. जार संपले तर जारवाल्याच्या दारातून नवे जार घेऊन पळत परत आले. मी काही वेळ भिंतीशी उभी राहिले. मग आत गेले आणि बादल्या उचलायला लागले. काय करणार? गुडघे दुखत होते तेच बरं वाटत होतं.

पाच वाचले. आडवा झालेला गेला. हातातून पहिला खाणारा तोच होता.

गल्लीनं विचारलं तर उत्तमराव म्हणाले, "हीटर बिघडला." गाव हसलं. एकही मरू देणार नाही म्हणणाऱ्याचा एक मेला, आता बाकीच्यांची वाट बघा. पारावर दोन दिवस तेच चाललं होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

तीन दिवस मी वाट पाहिली, हा माणूस भिंतीवरून मला कधी बोलतोय. बोलेना. बोलला असता तर मी गव्हाचं काढणार होते, तयारी होती माझी. चौथ्या दिवशी मीच गेले.

"कणीक मी टाकली व्हती."

"म्हाईत हाय."

"कसं काय?"

"किल्ली तुमच्याकडंच व्हती, अक्का."

"मग हीटरचं नाव कामून घेतलं?"

ते वहीत काहीतरी बघत राहिले. मग म्हणाले, "कशापायी टाकली व्हती?"

मी बबनचं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत.

"किती शनवार?"

"अकरा."

"एक झाला. धरायचा का न्हाई ते गुरुजीला इचारा. बाकीचे हितंच करा. पण पीठ न्हाई. दाणा मी देईन, तितकाच टाकायचा. शनवारी पाच वाजता. उशीर केला तर पाळी गेली."

आणि वहीत माझं नाव लिहिलं.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी आत पाय टाकला तसे पाचही डब्याआड गेले. मला राग आला. मग विचार केला, लपणार नाहीत तर काय करतील? उत्तमरावांनी खुर्ची पुसून ठेवली होती. म्हणाले, "बसा. हालू नका. चहा घ्या." पाणी उतू जाईल या भीतीनं हा माणूस चहा उकळूच देत नाही. मी तो कोमट चहा प्याले आणि बसून राहिले.

तिसऱ्या शनिवारी एक मासा पुढं आला. चौथ्याला तीन. रेघा दिसायला लागल्या होत्या अंगावर, लाल, मधेच निळ्या. खोटं कशाला बोलू, सुंदर होते.

"लेक बारकी व्हती तवा मी कालव्यावर," उत्तमराव एकदा टाकीकडे बघत म्हणाले. "महिन्यानं घरी आलो की दाराआड जायची. मी परत निघालो की मंग भायेर यायची. तिच्या आईला म्हणायचो, चार दिवस रहावं लागंल मला, तवा येईल जवळ. पण चार दिवस कधी मिळालेच न्हाईत."

असल्या वेळी काय बोलायचं असतं मला कधी कळलेलं नाही. "चहात साखर टाका जरा," एवढं म्हटलं.

उन्हाळा लागला. हीटर निघाला आणि आता गोठवलेल्या बाटल्या टाकीत तरंगायला लागल्या. बबनचं काही जमलं नाही. एक स्थळ आलं होतं, त्यांना सरकारी नोकरी पाहिजे होती. पाचही मासे मात्र जिवंत होते, आणि पारावर त्यांचं नाव निघेनासं झालं होतं.

अकरावा शनिवार झाला. दाणा टाकला, मासे खाऊन मोकळे झाले. मी पदर झटकून उठले. उत्तमराव कप विसळत होते, माझ्याकडे पाठ होती.

"अक्का, गुरुजीनं अकराच म्हणलं व्हतं का?"

"अकराच."

"तसं न्हाई. कधी कधी एकईस बी सांगतेत. एकडाव इचारून घ्या. अर्धवट नको ऱ्हायला."

नळ चालूच होता. कप केव्हाच धुऊन झाला होता. पाण्याचा एक थेंब वाया न घालवणारा माणूस हा.

"इचारते," मी म्हटलं.

कुणाला विचारायचं? गुरुजी तर लेकाकडे नांदेडला राहायला गेले. पुढच्या शनिवारी मी पाचाच्या आधीच उत्तमरावांकडे गेले आणि सांगितलं, एकवीसच होते, माझ्याच ऐकण्यात चूक झाली.

उत्तमरावांनी वही घेतली, पट्टी शोधली आणि माझ्या नावाखाली सावकाश दहा रेघा आखल्या.