तामोरे आणि तळासरीचा कॉम्प्युटर

तामोरे सॉफ्टवेअरला शिव्या द्यायचे. "वाळत घातलेल्या बोंबलासारखा काय लटकलायस? चल पुढे," असं ते स्क्रीनवर खेकसले की आमच्या डहाणूच्या ऑफिसातला शिपाई चहा न देताच मागे फिरायचा.

२०१६च्या आसपासची गोष्ट. आमच्या पतसंस्थेच्या शाखा वसईपासून अच्छाडपर्यंत. शेकडो कॉम्प्युटर, आणि प्रत्येकाला हजारो दारं, म्हणजे पोर्ट. ती ठोठावून कुठलं चुकून उघडं राहिलंय ते सांगणारं स्कॅनर तामोरे रोज सकाळी चालवायचे. ही सवय अंगात इतकी भिनलेली, की मसोलीला घरी जाताना वाटेतल्या बंद दुकानांची कुलुपंही ओढून बघायचे. एका शेठने चोर म्हणून धरलं, तर त्यालाच झापलं, "कुलूप हललं कसं, ते सांग आधी."

नेटवर्कचा प्रमुख मी, त्यामुळे बोलणी मला बसायची. स्कॅन सुरू झालं की तळासरीची लाइन ठप्प. तिथला मॅनेजर फोनवर माझा उद्धार करायचा.

"तामोरे, स्पीड कमी करा."

"केला."

"मग?"

"मग तळासरीच नालायक."

त्यांची मुलगी निशा तिथेच कॅशवर होती. तिने मनाविरुद्ध लग्न केल्यापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं.

मी राउटर बदलला, केबली बदलल्या. शेवटी वैतागून लाइनवरची रहदारीच तपासत बसलो. सगळीकडे स्कॅन हळू. तळासरीच्या एकाच कॉम्प्युटरवर मात्र पूर्ण वेगाने, पुन्हा पुन्हा. तो निशाचा.

माझं डोकं फिरलं. "हे काय चालवलंय?"

"ठोठावलं की तिच्या कॉम्प्युटरचं उत्तर येतं," ते स्क्रीनकडेच बघत म्हणाले. "म्हणजे कामावर आलीय."

"फोन करा ना सरळ."

"आधी तिने करावा."

"माझी नोकरी जाईल तुमच्या हट्टापायी." मी तो कॉम्प्युटर स्कॅनमधून काढूनच टाकला.

दुसऱ्या दिवशी तळासरीहून फोन. मॅनेजर नव्हता, निशा होती.

"सर, पप्पा आलेत ना आज?"

"आलेत. छळायला. का?"

"काही नाही. रोज सकाळी माझा कॉम्प्युटर अडकतो. आज अडकला नाही."

मी फोन ठेवला. तो कॉम्प्युटर गुपचूप परत स्कॅनमध्ये टाकला, पूर्ण वेगावर. मॅनेजर ओरडायला लागला तेव्हा सांगितलं, तुमच्याकडची वायरिंग जुनी आहे.