सात नंबरच्या वाफ्यातला बेडूक

एका जंगलात, मुलांनो, टोमॅटोच्या वाफ्यात बेडूक ओरडला. त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या वाफ्याचं पाणी चाळीस दिवसांपूर्वीच तोडलेलं होतं.

बेडूक ओरडला आणि धीरा दचकली. धीरा म्हणजे भेकरांची तरुण पोर. हे नाव तिला कुणी ठेवलं, देव जाणे. भेकर हे लहानखुरं हरीण. जरा खुट्ट झालं की कुत्र्यासारखं भुंकतं. एकानं हाक घातली की दुसऱ्यानं पलीकडून ओ द्यायची, अशी जंगलाची रीत. पण धीरा पान पडलं तरी भुंके, पेरू पडला तरी भुंके. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला भुंकली. होता होता तिच्या हाकेला ओ देणं सगळ्यांनी सोडून दिलं.

भित्री असली तरी पोर शिकलेली होती. कॉलेजात अनुवंशशास्त्र शिकून ती जंगलाच्या टोमॅटो संशोधन केंद्रात लागली होती. तिथले संचालक साळिंदरसाहेब. शंका विचारली की त्यांचे काटे उभे राहत. म्हणून केंद्रात सहसा कुणाला शंका येत नसे.

साहेबांनी खडकातल्या रानटी टोमॅटोचा बागेतल्या टोमॅटोशी संकर केला होता. कुठलं जनुक मुळं खोल नेतं, कुठलं उन्हात पानांची रंध्रं मिटून घेतं, कुठलं पानांवर डाग पाडणाऱ्या करपा रोगाला दाद देत नाही, ते शोधायचं होतं. बारा वाफ्यांत बारा वाण लावले आणि सगळ्यांचं पाणी तोडलं. जो तगेल तो खरा.

दहा वाफे वाळले. चार नंबर तगला, पण कसा? खुरटलेला, पानं मुडपलेली, फळ बोराएवढं. साहेबांनी त्यावर 'दळभद्री' असा शेरा मारला आणि उपटायला सांगितलं. उपटायचा आदेश अजून कुठल्यातरी टेबलावर होता, म्हणून तो उभा होता. सात नंबर मात्र वरातीतल्या घोड्यासारखा नटला होता. तो साहेबांचा लाडका.

आणि बेडूक ओरडला तो नेमका सातमध्ये.

धीरानं खुरानं माती उकरली. माती ओली. वीतभर खोल जायची ती मुळं बोटभरावरच आरामात पसरलेली. खालच्या पानांवर तपकिरी डाग.

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले की बेडूकच दुष्काळी जातीचा असेल. मुळांचं विचारलं तर म्हणाले, ज्याला पाणी लागतच नाही, त्याची मुळं खाली कशाला जातील? डागांचं विचारल्यावर मात्र काटे उभे राहिले.

"रोगप्रतिकारक वाणाला रोग होत नसतो, पोरी. ती नक्षी आहे."

अहवालात त्यांनी एक ओळ वाढवली. हा वाण बेडकांनाही मानवतो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळं केंद्र वामकुक्षी घेई. केंद्राचे शिपाई गजाभाऊ हत्ती तेवढे जागे असत, पण त्यांना कुणी काही विचारत नसे. अशाच एका दुपारी धीरा एकटी वाफ्याकडे निघाली. जवळ पोचते तोच 'फुर्रर्र' असा आवाज झाला. धीरा थेट करवंदीच्या जाळीत. ती बाहेर आली तेव्हा तिथे कुणी नव्हतं, आणि सात नंबरच्या पानांवरून थेंब ओघळत होते. ती भुंकली. पुन्हा भुंकली. ओ कुणी दिली नाही. दुसऱ्या दिवशी वडाच्या खोडावर परिपत्रक लागलं. भेकराच्या ओरडण्याची नोंद घेऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, गप्प बसावं की पोरीनं. पण सात नंबरचं बी जाणार होतं खडकाळ माळावर, आणि माळावर तिची आई होती, सगळा कळप होता. तिथे उन्हाळ्यात पाणी नाही. कळप टोमॅटो खाऊन त्याच्या रसावर दिवस काढी. कारण खाली पाणवठ्यावर बिबट्या बसतो. गेल्या साली फळ कमी आलं. धीराची मोठी बहीण पाणवठ्यावर गेली, ती परत आली नाही.

त्यात नियम असा, की नवं बी घ्यायचं तर जुनं नदीत सोडायचं. आईनं निरोप धाडला होता, तुझ्याच केंद्राचं बी आहे, डोळे मिटून पेरते.

वाटपाचा दिवस आला. नदीकाठी मांडव पडला. सिंहमहाराज जांभया आवरत बसले. साहेबांचं भाषण झालं. रांगेत पहिली धीराची आई. तोंडात जुन्या बियांची पुरचुंडी.

करवंदीची जाळी दहा उड्यांवर होती. पण आई पाण्याच्या काठाशी वाकली आणि धीरा भुंकली.

मांडव हसला. कुणीतरी विचारलं, आज काय पडलं?

"सात नंबरला पाणी कोण घालतं?" धीरानं विचारलं.

साहेबांचे काटे उभे राहिले. मांडवात सगळे आपापली नखं बघू लागले. तिनं पुन्हा विचारलं. आईनं मान वर केली, पण पुरचुंडीची गाठ सैल झाली होती. दोन बिया पाण्यात पडल्या. धीरानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिचा आवाज फाटला.

मांडवाच्या पार मागे दोन मोठे कान हलले.

"मी घालतो की," गजाभाऊ म्हणाले. "दुपारी माना टाकतात बिचारी. साहेबांचा वाफा वाळला तर बोलणी मला बसणार. आधी कुणी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं. पण बाकीच्यांना नाही हं घातलं, ताई. त्या चार नंबरला तर थेंबही नाही. तो पार कुंपणापलीकडे. तिथवर सोंड पोचत नाही."

तात्पर्य: मुलांनो, दुष्काळात तगायचं असेल तर चांगल्या जनुकांच्या नादी लागू नये, साहेबांच्या वाफ्यात जन्म घ्यावा. ते नाहीच जमलं तर निदान कुणाची सोंड पोचणार नाही इतक्या लांब उगवावं.