रिव्हॉल्वर पुढं, बोट मागं

हिंदुराव खोतांच्या रिव्हॉल्वरचा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता होता, म्हणून कर्नाटकाच्या हद्दीवर त्यांना उजव्या हाताची तर्जनी जमा करावी लागली. रिव्हॉल्वर न्यायला कुणाची हरकत नव्हती. चाप ओढणारं बोट मात्र परवान्याशिवाय हद्द ओलांडू शकत नाही, असं नाक्यावरच्या पाटीवर दोन्ही भाषांत लिहिलेलं होतं.

"अहो, त्यापेक्षा रिव्हॉल्वरच ठेवून घ्या की!" हिंदुराव म्हणाले. ते त्यांनी रानडुकरांसाठी घेतलेलं. घरदार लग्नाला निघालेलं, आणि कुलूपबंद घरात हत्यार ठेवायचं नाही अशी परवान्यातच अट. म्हणून बरोबर घेतलं, तर हे झेंगट.

जमादार बसगोंडा शांतपणे म्हणाले, "हत्यार ठेवायला आमच्याकडं कपाट न्हाई. बोटांचं हाय."

खरंच होतं. खणाखणांत बोटं निजलेली, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी. बसगोंडांनी तर्जनीला डावीकडं दोन पिळे दिले, ती काढली आणि पावती फाडली. दुखलं काहीच नाही. पण आज हिंदुरावांना कान पिळायचा होता.

बहिणीचं, वनिताचं लग्न होतं, हद्दीपलीकडं हाकेच्या अंतरावरल्या कार्यालयात. होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. 'हिला नीट सांभाळ, नाहीतर माझ्याशी गाठ आहे,' एवढाच त्याचा अर्थ. वनिता सात वर्षांची असताना वडील गेले. तिची वेणी घालण्यापासून सगळं हिंदुरावांनी केलं. हा एक कान तेवढा राहिला होता.

त्यांनी अंगठा आणि मधल्या बोटानं बसगोंडांचा कान धरून बघितला. निसटला.

"पुन्हा बघा," बसगोंडांनी डोकं पुढं केलं. पुन्हा निसटला.

हिंदुरावांनी पुढं कार्यालयात पोचलेल्या आत्याला फोन लावला. "डाव्या हातानं पिळू का गं?"

"डाव्या हातानं? शुभकार्य हाय का काय हाय, मेल्या!" तानूआत्या कडाडली. "अक्षता पडल्या, होम पेटलाय, भटजी घड्याळ बघतोय. चुलतभावाला उभा करू?"

मागून वनिताचा आवाज आला. "दादाशिवाय दुसऱ्या कुणी कानाला हात लावला तर मी पाटावरनं उठणार!"

हिंदुरावांना भरून आलं. बसगोंडांनी त्यांना पाणी दिलं आणि नियम समजावून सांगितला. "परत महाराष्ट्रात पाऊल टाकलं की बोट तुमचं. तिथनं पिळा की. कानालाच इकडं बोलवा."

अर्ध्या तासात सगळं लग्न नाक्यावर आलं. पुढं बँडवाले, मध्ये गाठ बांधलेले नवरा-नवरी, मागं घमेल्यात होम घेऊन खोकणारे भटजी. हद्दीच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडं, महाराष्ट्रात, हिंदुराव पाच बोटांनिशी उभे होते. पलीकडून नवरदेवानं, रणधीरनं, मान वाकवली.

"थांबा," बसगोंडा म्हणाले. "कान परराज्यात चाललाय." त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला. बँड थांबला. "ओढणाऱ्या अवयवाला परवाना लागतो. कान काय ओढत न्हाई, त्याला ओढतात. जाऊ द्या."

कान महाराष्ट्रात आला. हिंदुरावांनी तो पकडला. मग त्यांनी कान पिळला, अगदी मनापासून.

"आई गं!" रणधीर ओरडला. सगळे हसले, टाळ्या पडल्या, बँड सुरू झाला. हिंदुराव काही कान सोडेनात.

"दादा, पुरे."

"हं," हिंदुराव म्हणाले, आणि धरूनच राहिले. डोळ्यांतलं पाणी मिशीपर्यंत आलं होतं. आत्यानं ओढलं, भटजींनी समजावलं. रणधीर बिचारा वाकलेलाच.

वनितानं पट्ट्यावरून हात लांब केला. दादाची तर्जनी तिनं चिमटीत धरली आणि हलकेच डावीकडं दोन पिळे दिले. कान सुटला. तिनं बोट पदरानं पुसून बसगोंडांच्या हातात ठेवलं आणि दादाचा चार बोटांचा हात आपल्या हातात घेतला.

"चल," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय पंगत बसणार नाही."